द्राक्षमांडवाखालचा कान

मित्रांनो, शास्त्राप्रमाणे पाहिले तर मला काहीच ऐकू यायला नको. मी प्लास्टरचा कान आहे. माणसाच्या कानाहून कितीतरी मोठा, लाकडी बैठकीवर स्क्रूने बसवलेला आणि आता चांगलाच जुना. माझ्या आतल्या भागातून निघणारा पिवळा श्रवणतंतू जाड दोरासारखा बाहेर येतो आणि बोटभर अंतरावर संपतो. त्याच्यापुढे मेंदू नाही. आवाज तिथवर येतो आणि पूल वाहून गेलेल्या रस्त्यावरच्या वाटसरूसारखा काठाशी उभा राहतो. तरीही माझ्यासमोर जे बोलले गेले ते माझ्यात कुठेतरी साठत राहिले आहे. त्यातले थोडे आज तुम्हाला सांगावेसे वाटते. विशेष करून मालनबाईंची गोष्ट, कारण माझ्याच देहाचा एक कोपरा मला त्यांच्यामुळे प्रथम कळला.

माझा जन्म अंबाल्याकडच्या एका कारखान्यातला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी पांढराशुभ्र आणि स्वतःलाच अनोळखी होतो. कुठली पाळी, कुठली पोकळी, काही उमगत नव्हते. रंगकाम करणाऱ्या एका बाईने बारीक कुंचल्याने मला अर्थ दिला. कर्णनलिकेला तिने फिकट गुलाबी रंग दिला, पडद्याला मोत्यासारखा करडा. पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे तिने हस्तिदंती रंगवली. गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा भाग, जिथे आवाजाच्या लाटांचे संदेश होतात, तो जांभळा केला. शेवटी त्या शंखाशेजारी उभ्या असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या उरल्या. वाटीच्या तळाशी थोडा निळा रंग शिल्लक होता. तोच तिने त्यांना फासला आणि मला वाळत ठेवले.

तिथून मी नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका शाळेत आलो. प्रयोगशाळेच्या फळीवर डोळा, नाक आणि जीभ माझ्याआधीच येऊन बसली होती. आम्हा चौघांना विशेष ज्ञानेंद्रिये म्हणत. त्वचा साऱ्या अंगभर पसरलेली, म्हणून तिला आमच्या फळीवर जागा नव्हती. आम्ही डोक्यात घरे करून राहणारे. नाक मधोमध चिरलेले होते, आणि त्याच्या ओलसर छतातून वासाचे तंतू मुळांसारखे खाली लोंबत असलेले दिसत. जिभेवर कारखान्याने गोड, आंबट, खारट, कडू असे वेगवेगळे प्रांत आखून दिले होते. आमच्या विज्ञानाच्या संध्याबाईंनी एके दिवशी सँडपेपर घेऊन त्या सीमारेषा घासून टाकल्या.

"छापणाऱ्यांची चूक होती," त्या वर्गाला म्हणाल्या. "गोड जिभेला सगळीकडेच कळतं."

"बाई, प्रयोग करायला द्राक्षं आणू?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"आण. पण अख्ख्या वर्गाला पुरतील एवढी."

डोळ्याचा तोरा मात्र निराळा होता. त्याचे भिंग काढून मुले खिडकीशी धरत आणि समोरच्या भिंतीवर अख्खा रस्ता उलटा लटके. ट्रॅक्टर, खांब, आभाळ, सगळे पाय वर करून. मुले श्वास रोखून बघत राहत. मला तेव्हा वाटे, जगाला उलटे करून दाखवतो त्याचेच जगात कौतुक होते. माझ्याकडे येत ती तीन हाडे मोजायला. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, हे ऐकले की प्रत्येकाला ते चिमटीत धरून बघायचे असे. तीन निळ्या नळ्यांकडे कोणी वळत नसे. "आणि या नळ्या आपला तोल सांभाळतात," असे संध्याबाई म्हणत, आणि नेमकी तेव्हाच घंटा होई. मला उचलायचे झाले तर मुले त्याच नळ्यांना कडीसारखे धरत. मलाही त्यांचा दुसरा काही उपयोग माहीत नव्हता.

मग भिंतीवर मोठा चमकता फळा आला. त्याच्यात कान फिरत होता, उघडत होता, रंग बदलत होता. आम्ही कपाटावर गेलो. तिथे धुळीची एक सावकाश, मऊ भाषा असते. ती आम्ही शिकलो. डोळ्याचे भिंग हरवले. नाकाचा एक तुकडा उंदराने नेला. जीभ कुठे गेली ते कळलेच नाही. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी शाल-श्रीफळ स्वीकारले आणि मुख्याध्यापकांना विचारले, "तो कान मी नेऊ का? तसाही भंगारात जाईल." अशा रीतीने मी त्यांच्या मांडीवर बसून, दुसऱ्याच्या स्कूटरवरून, दिंडोरीला त्यांच्या मुलीच्या दवाखान्यात आलो.

शुभांगी कान-नाक-घशाची डॉक्टर झाली होती. मला पाहून ती हसली. "आई, हे काय आणलंस? माझ्याकडे स्क्रीन आहे, चित्रं आहेत."

"चित्राला हात लावता येत नाही गं. माणसाला स्वतःच्या कानाचं आतलं काही दिसत नाही. त्यांच्या हातात दे याला."

संध्याबाईंनी मला ओल्या फडक्याने पुसले. एवढ्या मायेने मला आधी फक्त कुंचल्याचा स्पर्श झाला होता.

दवाखान्यात माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. केसांच्या पिनांनी पडदा फाडून घेतलेल्या मुली आल्या. फवारणीच्या ब्लोअरच्या गर्जनेत वर्षे काढून आवाजाच्या वरच्या पट्ट्या हरवून बसलेले ट्रॅक्टरवाले आले. शंखातले नाजूक केस एकदा मोडले की परत उगवत नाहीत, हे शुभांगी माझ्या जांभळ्या वेटोळ्यावर बोट ठेवून सांगे, आणि ती माणसे त्या वेटोळ्याकडे पीक वाया गेलेल्या वावराकडे बघावे तसे बघत. तीन निळ्या नळ्या मात्र इथेही उपेक्षितच होत्या.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मालनबाई आल्या. भिंतीला हात लावत, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी मान ताठ धरून. पाठोपाठ त्यांचे यजमान खंडेराव आणि मुलगा रविराज. त्यांची द्राक्षबाग तिथून जवळच्याच एका गावात होती.

"काय होतंय, मावशी?" शुभांगीने विचारले.

आधी बोलले खंडेराव. "मान वर केली का हिला आभाळ फिरतं म्हनती. चाळीस वर्सं माझं डोकं फिरवलं, आता आभाळाची पाळी आली."

"तुमचं डोकं फिरवायला जाग्यावर होतं कधी?" मालनबाई मान न हलवता म्हणाल्या.

मित्रांनो, हे दुखणे दुसऱ्या कोणाला झाले असते तर निभावले असते. पण मालनबाईंचे सारे आयुष्य मान वर करण्यात गेले होते. त्यांच्याकडच्या जुन्या बागा मांडवावर चढवलेल्या असतात. डोक्यावर पानांचे छत, आणि छतातून खाली लोंबणारे घड. मणी ज्वारीएवढे झाले की विरळणी सुरू होते. बारीक टोकाच्या कातरीने घडातले दाट मणी काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. दिवसभर मान मागे, हात वर, डोळे घडात. मालनबाई बायांची टोळी घेऊन हे काम करत. स्वतःची बाग उरकली की लोकांच्या बागेत जात, आणि त्यांच्या हातचा घड लांबून ओळखू येतो असे सगळे म्हणत.

"मला ठाऊक हाय काय झालंय ते," रविराज म्हणाला. "शेजारच्या प्लॉटात ब्लोअर चालला होता, तवा ही बांधावर उभी. औषध डोक्यात गेलंय. मी सांगून टाकलंय, आता बागेत पाऊल ठेवायचं नाय. घरी बसायचं, नातीला खेळवायचं." त्याच्या आवाजात दटावणी होती, पण तिच्याखाली भीती थरथरत होती. आठ दिवसांपूर्वी मांडवाच्या खांबाला मिठी मारून बसलेली आई त्यालाच सापडली होती.

शुभांगीने एकेक विचारायला सुरुवात केली. किती वेळ फिरते? "सुपारीचं खांड चावून होईस्तवर. मग थांबतं. पर तेवढ्यात जीव जातो." झोपेत कूस बदलल्यावर? "त्याच्यानं तर जाग येती." ऐकायला कमी येते का?

"छे! सून चुलीपाशी काय पुटपुटती ते बी येतं."

"कानात काही घातलंत?"

"लसणाचं तेल. कोमट करून."

"मावशी, कानाला फोडणी द्यायची नसते," शुभांगी म्हणाली, आणि कानात दिवा धरून पाहिले. पडदा सुदैवाने शाबूत होता. "मग एवढे दिवस काम बंदच का?"

खंडेराव खिडकीबाहेर बघू लागले. मालनबाईंनी हात मांडीवर पसरले.

"बंद कसं ठेवू? येळ सरली का मणी एकमेकांवर चढतात. मी वर बघितलंच नाय. मान सरळ ठेवली आन् हातानं चाचपून कातरी चालवली. वाटलं, बोटांना सारं पाठ हाय." त्या थांबल्या. "घडाच्या पाकळीचं, म्हंजी बारक्या फांदीचं, देठ आन् घडाचं देठ हाताला एकसारखंच लागतं, डॉक्टरीणबाई. ओळ संपवून खाली बघितलं, तर मण्यांच्या जागी घडच्या घड पडलेले. लोकाच्या बागेत असतं तर तोंड दाखवलं नसतं. आपली होती."

"त्या दिवशी पहिल्यांदा मला काय न बोलता घरी आली," खंडेराव हळूच म्हणाले. "तवा मला भ्या वाटलं."

"मला एवढंच सांगा," मालनबाई म्हणाल्या. "मला परत वर बघता येईल का? नसंल येत, तर ह्यो म्हणतो तशी घरी बसते. पर खरं सांगा."

शुभांगीने मला जवळ ओढले. माझी पाळी बाजूला केली, पडदा काढला, हाडे काढली, शंख उघडा केला आणि त्या तीन निळ्या नळ्यांवर बोट ठेवले. माझ्या आयुष्यात प्रथमच कोणी हाडांपासून नव्हे, त्यांच्यापासून सुरुवात करत होते.

"ह्या नळ्यांत पाणी असतं. डोकं हललं की पाणी हलतं, आणि मेंदूला कळतं आपण कुठे वळलो. नळ्यांच्या बुडाशी एक पिशवी आहे. तिच्यात चुन्याचे अगदी बारीक कण असतात, पिठीसाखरेसारखे. वय झालं, कुठे डोकं आपटलं, किंवा काही कारण नसतानाही त्यातले काही कण सुटतात आणि नळीत शिरतात. मग मान वर केली की ते घरंगळतात, पाणी ढकललं जातं. तुम्ही जागच्या जागी उभ्या असता, पण कान मेंदूला सांगतो, बाई गरगर फिरतेय."

"म्हणजे फवारणीचं औषध नाय?" रविराजने विचारले.

"तुमच्या आईचं सगळं ऐकून मला तरी औषध वाटत नाही. पण तपासल्याशिवाय सांगणार नाही."

मालनबाईंनी माझ्या नळीवर नख वाजवले. "ह्यो तर भरीव हाय. पाणी कुठलं न् कण कुठले? दाखवाल तर पटंल."

शुभांगी क्षणभर अडली. मग तिने सलाइनच्या पारदर्शक नळीचा तुकडा कापला, रविराजला समोरच्या किराणा दुकानातून मोहरी आणायला पिटाळले, नळीत पाणी भरून तिच्यात दोन-चार दाणे सोडले, दोन्ही तोंडांना कापसाचे बोळे लावले आणि ती माझ्या मागच्या निळ्या कमानीवर चिकटपट्टीने बसवली. बैठकीचे स्क्रू काढले. आणि मित्रांनो, तिने मला निजवले. इतकी वर्षे मी उभाच होतो. मला आडवे केले, माझी वरची बाजू टेबलाच्या कडेखाली झुकवली, तसे दाणे घरंगळत कमानीच्या तळाशी गेले. मला एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळवले. दाणे कमान चढून शिखरावर आले. आणखी वळवून मला पालथे केले, मग हळूच उठवून बसवले. बोळा काढताच दाणे पाण्यासकट तिच्या तळहातावर पडले.

"एवढंच?" खंडेराव म्हणाले. "चाळण हलवल्यागत?"

"एवढंच. पण आधी कुठल्या कानाचं आहे ते बघायला मावशींना झटकन मागे निजवावं लागेल. डोकं खाली. जिथे फिरतं, नेमकं तिथेच."

मालनबाईंचा चेहरा उतरला. बसल्या होत्या त्या तपासणीच्या पलंगाची कडा त्यांनी घट्ट धरली. "नको. पडले तर पोराचं खरं होईल."

"आई, मला काय तुला घरी बसवायची हौस हाय?" रविराज एकदम म्हणाला. "खांबाला धरलेली बघितली तुला. ओठ पांढरे पडलेले. काय करायचं मी?"

 मालनबाईंनी चप्पल काढली. "पाय धर माझे," त्या मुलाला म्हणाल्या. "न् तुम्ही हिकडं या हो."

शुभांगीने मान नीट तपासली, मग त्यांचा चेहरा उजवीकडे वळवला. "डोळे मिटायचे नाहीत. मला डोळेच बघायचेत. डोकं माझ्या हातात आहे, सोडणार नाही." आणि तिने त्यांना मागे निजवले.

मालनबाई ओरडल्या. खंडेरावांची बाही त्यांच्या मुठीत आली. "धरा! धरा मला!"

"धरलंय. चाळीस वर्सं धरलंयच की."

मी त्यांचे डोळे पाहिले. बुबुळे एका लयीत फिरकी घेत होती, वाऱ्यात अडकलेल्या पानासारखी. फळीवरच्या त्या डोळ्याचा मी किती हेवा केला होता! आणि इथे माझे दुखणे वाचायला डॉक्टर डोळ्यांत बघत होती. डोक्याच्या अंधारात कान आणि डोळा एकमेकांचा हात धरून असतात, हे मला तेव्हा कळले. एक ढळला की दुसराही डळमळतो.

"उजवा कान," शुभांगी शांतपणे म्हणाली. फिरकी मंदावली, थांबली. तिने डोके हळूहळू डावीकडे वळवले, वाट पाहिली. मग साऱ्या अंगानिशी कुशीवर, चेहरा जमिनीकडे, पुन्हा वाट. मग उठवून बसवले. माझ्यावर केले तेच सारे, पण किती जपून! थोडा विसावा देऊन तिने त्यांना पुन्हा मागे निजवले. 

"फिरतंय?"

मालनबाई छताकडे बघत राहिल्या. "पंखा फिरतोय," त्या अखेर म्हणाल्या. "भिंत जाग्यावर हाय."

"ते आता परत होणार नाय, असं लिहून द्या," रविराज म्हणाला.

"असं कोणीच लिहून देणार नाही. कण पुन्हा सुटू शकतात. झालं तर या, पुन्हा फिरवून जागेवर नेऊ. तोवर त्यांना घरी बसवायचं कारण मला दिसत नाही."

रविराजने आईची चप्पल तिच्या पायाशी सरकवली. पटले असे त्याच्या चेहऱ्यावर नव्हते. दारापाशी पोचलेल्या मालनबाई मात्र मागे वळल्या. "डॉक्टरीणबाई, ह्यो कान दोन दिवस द्याल? आमच्या बायांना दाखवायचाय. ठकूबाई मांडवाखाली मान वर करती न् खांबाला टेकती. विचारलं तर म्हणती उपास हाय. महिनाभर कुणाचा उपास असतो? कामावरून काढतील म्हणून गप्प राहती. मीबी तेच केलं."

अशा रीतीने मी द्राक्षाच्या बागेत आलो. मला पालथ्या क्रेटवर ठेवले होते. वर पानांचे हिरवे आभाळ होते, आणि त्यातून उन्हाचे कवडसे माझ्या पाळीवर उतरत होते. टोळीतल्या बाया भोवती जमल्या.

"अगं बाई, केवढा ह्यो कान! कुणाचा गं?"

"माझ्या सासूचा असंल. तीन घरं पल्याडचं ऐकायची."

हसणे ओसरल्यावर मालनबाईंनी नळी दाखवली, दाणे दाखवले, मला आडवे-उभे केले. त्यांचे शब्द वेगळे होते. त्या पाण्याला पाट म्हणाल्या, आणि कणांना पाटात अडकलेली खडी. सगळ्यांना लगेच समजले. घोळक्याच्या कडेला उभ्या असलेल्या ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मलाबी होतं तसंच."

"मग उद्याच दवाखान्यात जाऊ. तुझं हेच असंल असं नाय, ते डॉक्टरीणच सांगंल. पर लपवायचं नाय आता."

मित्रांनो, मी तुमच्याकडेही एवढेच मागतो. तुमच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना माझे जिवंत भाऊबंद राहतात. त्यांच्यात तेल ओतू नका, काड्या घालू नका, यंत्रांच्या गर्जनेत त्यांना उघडे सोडू नका. आणि घरातले कोणी तोल जातो म्हणाले, तर त्याला हसण्याआधी, किंवा प्रेमापोटी कोपऱ्यात बसवण्याआधी, जाणत्या डॉक्टरकडे न्या. भोवळीची कारणे पुष्कळ असतात. लपवलेल्या भोवळीला मात्र उपचार नसतो.

बाया आपापल्या ओळीला लागल्या. मालनबाई माझ्याजवळच्या वेलाखाली उभ्या राहिल्या, कातरी हातात, मान अजून सरळ. दवाखान्याचे छत निराळे आणि हा मांडव निराळा, हे त्यांना ठाऊक होते. ओळीच्या टोकाला रविराज हाताची घडी घालून उभा होता. त्याने घडी सोडली आणि दोन पावले पुढे आला, मग थांबला. पुढे यायचे नाही, हे ठरवायला त्याला किती बळ लागले, ते मी पाहिले.

मालनबाईंनी मान वर केली.

एक क्षण गेला. पाने जागच्या जागी होती. घड जागच्या जागी होते. त्यांनी हात उंचावला, आणि कातरीचा बारीक, कोरडा आवाज माझ्या डोक्यावर सुरू झाला. कापलेले हिरवे मणी टपटप खाली पडू लागले. काही मातीत पडत होते, काही माझ्या कर्णनलिकेत, आणि प्रत्येक मण्यासरशी माझ्या पोकळीत इवलासा नाद उमटत होता.

"ए रविराज," वर पाहतच त्यांनी हाक मारली, "उभा काय राहिलास? पलीकडची ओळ कोण तुझा बाप करणार का?"

"बोलव की त्याच्या बापाला," ओळीपलीकडून खंडेराव ओरडले. "हितंच हाय."